पाखऱ्याच्या दादांना, सांगलीहून

दादा,

तुम्हाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा "आभार-बिभार ऱ्हाऊ दे, कुत्रं जेवतंय का तेवढं सांगा" म्हणून तुम्ही ठेवून दिलात. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेवा बघू फोन.

जेवतोय. दोन दिवसांपासून चपातीला तोंड लावत नाही, भाकरीच पाहिजे आणि तीही दुधात कुस्करून. असले नखरे सुरू झाले म्हणजे भडंग बरा झाला असं आई म्हणते.

त्या रात्री तुम्ही विचारलं होतंत, "असलं कसलं नाव?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता सांगते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही गावभागातले. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अकरा माणसं. जिन्यात एक पिल्लू होतं, कुठून आलं कुणास ठाऊक. पाणी एक पायरी चढलं की तेही एक पायरी वर यायचं, बसायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. असं करत करत तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात पोचलं. मदतीच्या पाकिटातलं भडंग आम्ही खात होतो, त्याने पुढं येऊन कागदात तोंड घातलं आणि रात्रभर उचक्या दिल्या. (लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडे दुसरं काही नव्हतंही.) होडी आली तेव्हा आण्णांनी, ज्यांनी आयुष्यभर "दारात कुत्रं नको" म्हणून घर डोक्यावर घेतलं, त्यांनी कुणाला न विचारता ते पिल्लू हळदीच्या पोत्यात घातलं आणि पोतं मांडीवर घेऊन बसले.

तेव्हापासून रात्री जोराचा पाऊस लागला की भडंग उठतो, जिना उतरतो, खालची पायरी हुंगतो आणि वर येऊन आण्णांच्या पायाशी पडतो. आण्णा अंथरुणातूनच विचारतात, "काय रे, आलं का?" तो झोपला की आण्णा झोपतात. पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांच्या फोनवर तासातासाला आयर्विनची पातळी येत असते, पण आण्णांचा विश्वास या पायरीवर. २०२१ ला तो वर येऊन झोपला नाही. उभाच राहिला. आम्ही पहाटेच सामान वर हलवायला घेतलं.

तर असा तो, दसऱ्याच्या आसपास जेवायचा थांबला.

पहिल्या दवाखान्यात दोन दिवस तापाचं इंजेक्शन आणि "हवा बदललीय, होतं असं". तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं म्हणून दुसरीकडे नेला, तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "सोमवारी या." तो शनिवार होता. मला कुणाशी भांडायचं नाही, नावंही घेणार नाही. पण कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघायला किती वेळ लागतो हे मी आता मोजलंय. दोन सेकंद. भडंगच्या हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि तीन दिवसांत कुणीही ते दोन सेकंद दिले नाहीत. शेवटी ज्या डॉक्टर मॅडमनी ओठ वर केला त्यांनी दुसऱ्या हाताने लगेच रक्त काढायला घेतलं.

गोचीड ताप. एर्लिकिया म्हणतात त्या जंतूला, गोचीड चावली की अंगात शिरतो. हिमोग्लोबिन साडेतीनच्या खाली आलं होतं. चांगल्या कुत्र्याचं बाराच्या वर पाहिजे. मॅडम म्हणाल्या, औषध आहे, डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस न चुकता द्यायचं, गुण येतो. "पण औषध लागू पडेपर्यंत तो टिकला पाहिजे. रक्त बघा कुठं मिळतंय का."

माणसासाठी रक्तपेढीला फोन करता येतो. कुत्र्यासाठी कुत्रंच शोधावं लागतं. एक ते आठ वर्षांचं, २५ किलोच्या वरचं, लसी झालेलं, आजार नसलेलं. मी दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाकला. हात जोडलेली चित्रं किती आली विचारू नका. एका नातेवाईकांचा फोन आला, की कुत्र्यासाठी एवढा जीव काय काढताय, दुसरं आणा. हे गृहस्थ दर पौर्णिमेला औदुंबरला जातात. यांच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, चार कुत्री पायाशी बसलेली. त्यांना रोज फुलं वाहतात. मी काही बोलले नाही, आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि तीच बोलली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुमचा फोन साडेदहाला आला. तो मेसेज फिरत फिरत तासगावकडच्या कुठल्याशा औषधदुकानाच्या, म्हणजे द्राक्षाच्या औषधांच्या, ग्रुपवर पोचला होता. तुम्ही 'हॅलो'सुद्धा म्हणाला नाहीत.

"अठ्ठावीस किलो चालंल का?"

मला कळेचना. मग म्हणालात, "बेदाण्याच्या काट्यावर ठिवून बघितलाय. अठ्ठावीस भरला. लसीचं कार्ड बी हाय." मी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय, कधी याल, किती पैसे... तर तुम्ही म्हणालात, "निघालोच की."

दादा, छाटणीचा हंगाम होता. सकाळी बागेत पेस्ट लावायला माणसं सांगितलेली होती तुमची, हे मला नंतर तुमच्या गाडीतल्या पोराकडून कळलं. सव्वा अकराला तुमची पिकअप दवाखान्यासमोर थांबली आणि त्यातून पाखऱ्या उतरला. उंच, पोट आत गेलेलं, लांबट तोंडाचा, कारवानी जातीचा कुत्रा. जुन्या बैलाचं नाव त्याला दिलंय म्हणालात. त्याचं कार्ड तुम्ही सातबाऱ्याच्या फाईलीतून काढलंत. मॅडमनी आधी त्याचं थेंबभर रक्त तपासलं, मग दोघांचं काचेवर मिसळून बघितलं. गाठी झाल्या नाहीत. कुत्र्यांना पहिल्यांदा रक्त देताना सहसा निभावतं, पण बघितलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. वाऱ्यागत पळणाऱ्या ग्रेहाऊंडसारख्या जातींत तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात हेही त्यांनी सांगितलं, तेव्हा तुमचा चेहरा असा झाला जसा पोराचा दहावीचा निकाल ऐकताय.

बाकीचं काय काय झालं ते मला धड आठवत नाही. पण त्यातली एक गोष्ट सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

पाखऱ्याच्या मानेवरचे केस काढून सुई लावली. त्याचं डोकं तुमच्या मांडीवर. पिशवी खाली ठेवलेली, नळीतून रक्त येत होतं. मॅडम म्हणाल्या, ही पिशवी सारखी हळूहळू हलवत राहायची, नाहीतर आतलं औषध रक्तात नीट मिसळत नाही आणि ते गोठतं. तुम्ही एका हाताने पिशवी हलवायला लागलात, दुसरा हात पाखऱ्याच्या कानावर.

आण्णा दारात उभे होते. चार दिवस ते तसेच उभे होते, दादा. घरी असले की त्याच्या अंथरुणापाशी, दवाखान्यात असले की दारात. दोन वेळचं जेवण नावापुरतं. ३४ वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत तोलाई केलेला माणूस, हाताला काम नाही म्हटलं की त्यांना काय करावं कळत नाही. आणि आम्ही सगळे त्यांना एकच सांगत होतो, "आण्णा, तुम्ही बसा. आम्ही बघतो."

तुम्ही मान वर करून त्यांच्याकडे बघितलंत. आणि म्हणालात,

"आबा, जरा हिकडं या. माझा हात अवघडला. एवढी पिशवी हालवा, पाळण्यागत."

आण्णा आले. खाली फरशीवर मांडी घातली. तुम्ही पिशवी त्यांच्या तळहातावर ठेवलीत आणि सुरुवातीला दोन हेलकावे त्यांच्या हाताखाली हात धरून दिलेत. मग सोडलंत. ती गरम होती, असं आण्णा नंतर म्हणाले. "गरम हुती गं, अंगातल्यागत." पंधरा मिनिटं असतील, त्यांची नजर त्या पिशवीवरून हलली नाही. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. जवळ गेले तर ते मोजत होते. तराजूवर माप टाकताना मोजायचे तसं, एकाच्या जागी लाभ म्हणून, "लाभ, दोन, तीन, चार..."

तुमचा हात अवघडला नव्हता, दादा. दिवसभर छाटणीची कात्री चालवणारा हात पाच मिनिटांत पिशवी हलवून अवघडत नाही. हे मला चार दिवसांनी, भांडी घासताना लक्षात आलं आणि मी नळ तसाच सोडून रडत बसले.

माणुसकी वगैरे शब्द मी शाळेच्या निबंधात लिहिलेत, तेही दहा गुणांसाठी. आता तो शब्द कुणी काढला की मला तुमच्या शेडमधला काटा दिसतो. रात्री दिवा लावून, त्यावर कुत्रं उभं करायचं, ते स्थिर उभं राहीना म्हणून कुणीतरी धरायचं, सोडायचं, आकडा वाचायचा. आणि मगच फोन करायचा, कारण समोरच्या माणसाला उगाच आशा लावायची नाही. तुम्ही हे सगळं विचार करून केलंत असं म्हटलं तर तुम्ही हसाल, माहिती आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. डिझेलचेही नाहीत. आईने दिलेली हळदीची पुडी तेवढी घेतलीत, ती पण "कारभारणीला आवडंल" म्हणून.

एक रुखरुख आहे ती सांगते. आम्हाला वाटलं होतं, भडंग बरा झाला की तोही कुणाला रक्त देईल, फिटंफाट. मॅडमनी सांगितलं, तसं जमणार नाही. ज्याला हा ताप होऊन गेला आणि ज्याला स्वतःला रक्त चढवलंय, त्याचं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. आण्णा ते ऐकून दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून अडतीतली जुनी लाल चोपडी काढली. कोरी पानं होती तिच्यात. आता संध्याकाळी फिरायला गेले की आमराईत, गणपती मंदिराच्या बाजूला, घाटावर, जिथे कुणी मोठं कुत्रं घेऊन दिसेल तिथे हे त्याला थांबवतात. वय काय, वजन किती, लसी झाल्यात का, रात्री-बेरात्री फोन केला तर चालेल का. काही लोक यांना वेड्यात काढतात. एक जण म्हणाला, आमचं कुत्रं परदेशी जातीचं आहे, रक्त असं कुणालाही देत नाही. आण्णांनी त्याचंही नाव लिहून घेतलं, पुढे 'नाही' लिहिलं. हिशेब म्हणजे हिशेब.

आतापर्यंत सात होकार झालेत. सगळ्यांत वर पाखऱ्या आहे, वजन २८, गाव, तुमचा नंबर, आणि लाल शाईत 'तीन महिने बंद'.

त्याच्या मानेवरचे केस आले का ते कळवा. भडंगच्या पायावरचे आले, पण पांढरे आलेत. आण्णा रोज विचारतात.