घाट किती दिवसांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन धर्म कसे पसरले हे आता संगणकावर तपासून पाहतात, हे आपल्या रविवार पुरवणीत वाचले. मी चाळीसगावला एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, ३१ वर्षे गाड्यांच्या वेळा लावल्या. म्हणून त्यातली एक गोष्ट लगेच पटली: अंतर मैलांत मोजायचे नाही, वेळेत मोजायचे. कन्नड घाटात चढायची वेळ निराळी, उतरायची निराळी, आणि पावसाळ्यात दरड आली की दोन्ही रद्द. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ साली रोमन साम्राज्यातल्या वाटांचे असेच प्रारूप तयार केले. त्यात कोणत्या महिन्यात निघालात यावर प्रवासाचे दिवस ठरतात.

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी मासारिक विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी २०१८ साली इजिप्तच्या इसिस आणि सेरापिस या देवतांचा प्रवास तपासला. अलेक्झांडरनंतरच्या काळात एजियन समुद्राच्या बेटांवर या देवता कोणी नेल्या, व्यापाऱ्यांनी की तेव्हा इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांच्या फौजांनी, हा जुना वाद. त्यांनी एकेक कारण आकड्यांत मांडले, जिथे जिथे या देवतांच्या खुणा सापडल्या त्या ठिकाणांशी ताडून पाहिले. पारडे फौजांकडे झुकले.

हे वाचताना मला सारखे पितळखोरे आठवत होते. आमच्या घाटमाथ्यावरची, गौताळ्याच्या जंगलातली ही बौद्ध लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या एका खांबावर कोरले आहे की हा खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या, कुळाचे दान आहे. दुसरे दान मगिल नावाच्या राजवैद्याचे. यक्षाची मूर्ती घडवली कण्हदास सोनाराने. अत्तरवाला, वैद्य, सोनार! इथे सैनिक दिसत नाही, पेठेतली माणसे दिसतात. पैठणहून उज्जैनकडे जाणारा माल सातमाळ्याच्या डोंगरातून खानदेशात उतरायचा. बैलांचा तांडा कोणत्या घाटाने किती दिवसांत उतरत असेल, गिरणा आणि तापी कोणत्या महिन्यात अडवत असतील, हे मांडून पितळखोरे, अजिंठा, पैठण यांचे गणित कोणीतरी करावे, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती जास्त घाईची आहे. संगणकाला दगडावर कोरलेले दिसते. शेंदूर लावलेला दगड, नारळात बसवलेली देवी त्याच्या लेखी शून्य. आमची खानदेशातली देवी कानबाई बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. माझा धाकटा भाऊ कापडाच्या कारखान्यात कामाला म्हणून सुरतेला गेला, तर आज तिथल्या उधना भागात त्याच्या घरीही कानबाई बसते, रोट होतात. माय म्हणायची, "कानबाई आमना संगे उनी," म्हणजे आमच्यासोबत आली. ती ना फौजेने नेली ना व्यापाऱ्याने. भुसावळ-सुरत पॅसेंजरमधून मजुरांच्या बोचक्यात गेली, आणि बहुतेक बायकांनीच नेली. दोन हजार वर्षांनी कोणी खुणा शोधू लागला तर त्याला यातले काय सापडणार? नारळ टिकत नाही.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी मुलांना गावोगाव पाठवून चार गोष्टी लिहून आणायला सांगाव्यात. गावात कोणता देव, कोणत्या घराण्याने आणला, कुठून आणि कोणत्या वाटेने. सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. आमच्या गल्लीतल्या तिघी गेल्या दोन वर्षांत गेल्या, त्यातल्या एकीला कानबाईची चाळीसेक गाणी पाठ होती. एकही कोणी लिहून घेतले नाही, मीसुद्धा नाही.

घाटातल्या वेळांची माझी जुनी वही अजून जपून ठेवली आहे. कोणाला या कामासाठी हवी असेल तर आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, चाळीसगाव