पुसेगावच्या यात्रेत आमचं अस्वल सांभाळणाऱ्यांना

अस्वल, ससा असे पोशाख घालून जत्रेत पोरांबरोबर फोटो काढायचे, नाचायचं, हा आमचा धंदा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा म्हणजे आमचा हंगामच. रथाचा दिवस होता. नोटांच्या माळांनी रथ पार झाकून गेलेला, पाय ठेवायला जागा नाही, आणि ऐन दुपारी आमच्या अस्वलाच्या डोक्यातला पंखा बंद पडला.

बाहेरून कळत नाही, पण आत स्पंज आणि फरचा नुसता कोंडमारा असतो. दिसतं तेही तोंडाच्या जाळीतून. एरवी वीस मिनिटांनी आम्ही पाळी बदलतो. त्या दिवशी सुट्ट्या पैशांच्या नादात मी विसरलो. चूक माझीच. अस्वलाच्या आतलं आमचं पोरगं उभ्या उभ्या खाली बसलं. लोकांना वाटलं, अस्वल नाटक करतंय. टाळ्या पडल्या!

बांगड्यांच्या दुकानातल्या मावशींना मात्र कळलं. त्यांनी पाठीची चेन खसकन ओढली, डोकं उतरवलं, मानेवर ओला टॉवेल टाकला. रसवंतीवाल्या दादांनी मीठ घालून लिंबूपाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. दोन पोरांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. आणि तेवढा वेळ अस्वलाचं मुंडकं मांडीवर घेऊन बसलेली ती शाळकरी मुलगी, तिला तर मी नीट पाहिलंही नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

पोरगं आता ठणठणीत आहे. मावशी, तुमचा टॉवेल आमच्याकडेच राहिलाय. पुढच्या यात्रेला धुऊन आणतो.