तालुक्याचं पान रद्दीत घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका मराठी दैनिकात मी चौदा वर्षं उपसंपादक होते. रात्रपाळीला ग्रामीणची डाक आवृत्ती, म्हणजे गावोगावी जाणारा अंक, माझ्याकडे असायची. 2015 मध्ये नोकरी सोडून पीएच.डी.साठी लंडनला गेले. मुलगी तेव्हा सातवीत होती. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मी आहे."

विषय डेस्कवरूनच नेला होता. धरणाचं पाणी कोणाला किती, यावर कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की मी एकाच रात्री दोन पानं लावायचे. शहराच्या पानावर 'पुणेकरांच्या पाण्यात कपात', दौंड-इंदापूरच्या पानावर 'अखेर कालव्याला आवर्तन', म्हणजे शेतीला पाणी सुटलं. धरण खडकवासलाच, पाण्याचा टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आकडाही तोच. पण शहरातल्या वाचकाला दौंडचं पान दिसत नव्हतं आणि दौंडच्या शेतकऱ्याला शहराचं. दोघांची एकमेकांबद्दल काय समजूत होत गेली असेल, हे मला शोधायचं होतं.

ब्रिटिश लायब्ररीत जुनी सरकारी टिपणं वाचायला बसले. देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवायला इंग्रज सरकार त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला करून घेई. 1897 च्या प्लेगात पुण्यातली पत्रं काय लिहीत होती, ते तिथे तारीखवार मिळतं. शाईचं पेन चालत नाही. आपल्या गावात छापलेलं आणि परक्या सरकारनं संशयापोटी जपलेलं ते सगळं मी पेन्सिलीनं उतरवून घेतलं.

मग 2003 च्या दुष्काळातली, मी स्वतः लावलेली पानं बघायला पुण्यात आले. कार्यालयात शहर आवृत्तीच्या बांधीव फायली होत्या. डाक आवृत्त्या मात्र जागा नाही म्हणून रद्दीत गेल्या होत्या. जिन्यात बसून रडले मी त्या दिवशी.

दौंडकडच्या एका वार्ताहरानं मला तारलं. रात्री दहाला फोन करून "आकडा पक्का ना?" असं आम्ही ज्यांना विचारायचो, तेच हे. बातमी छापून आली की ते अख्खं पान पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. माझं एक पूर्ण प्रकरण त्या ट्रंकेवर उभं आहे. पण मुलाखत देणाऱ्यांची नावं झाकायची असतात, म्हणून प्रबंधात ते 'वार्ताहर 7' आहेत. हे लिहिताना हात अडला. नावानिशी बातमी त्यांना आधीही क्वचितच मिळाली होती.

डॉ. नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि 1932 मध्ये त्यांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. बाहेर शिकून आलेल्या माणसानं इथल्या वर्तमानपत्रासाठी काही करावं, ही रीत या शहराला जुनीच आहे. म्हणून हे पत्र.

पुस्तकांच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवण्याचा 1954 चा कायदा आहे, 1956 पासून तो वर्तमानपत्रांनाही लागू झाला. पण तालुक्यासाठी बदललेलं एकेक पान जपायचं, तर ते कार्यालयानंच जपायला हवं. आता पान छपाईच्या प्लेटवर जाण्याआधी त्याची पीडीएफ होतेच. तारीख आणि आवृत्तीचं नाव घालून ती ठेवावी. एक प्रत पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाला किंवा पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटला द्यावी. आणि तळघरात जुने गठ्ठे उरले असतील, तर ते विकण्याआधी मला कळवा. सूची करायला मी रोज येईन, मोबदला नको.

आपली,
एक माजी उपसंपादक
नारायण पेठ, पुणे