ट्रायल रूममध्ये एक स्टूल ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की माझ्या दारात दरवर्षी तीच पिशवी येते. दुकानाची जाड कागदी पिशवी, आत नवंकोरं लेदरचं जॅकेट आणि वर तेच वाक्य, "मावशी, जरा अंगाबरोबर करून द्या ना." यंदा आतापर्यंत सहा आली. पाच मी शिवणीला हात न लावता परत दिली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या भाच्याचं होतं. त्याचा उतरलेला चेहरा बघवला नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी देवळाली कॅम्पात राहते. मामंजींचं इथे लष्करी गणवेश शिवायचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला परकर-पोलक्यापलीकडे काही येत नव्हतं. बेतायला, माप घ्यायला त्यांनी शिकवलं. पुढे चामड्याचं काम घ्यायला लागले त्यालाही वीसेक वर्षं झाली.

तर भाच्याची गोष्ट. तो नाशिकरोडला राहतो आणि ओझरला नोकरीला आहे. पहाटे साडेपाचला बाईक काढतो, द्वारका चौकातून आग्रा रोडला लागतो, आडगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंनी मोकळं रान आणि वारं. निफाडकडचा पारा किती खाली जातो ते आपल्याच अंकात रोज छापून येतं. दोन महिने ओव्हरटाइम करून त्याने पैसे साठवले आणि महायुद्धातले वैमानिक घालायचे तसल्या धाटणीचं जॅकेट घेतलं. त्याची छाती 38 आणि जॅकेटवर नंबर 44! दुकानदार म्हणाला, आत जाड स्वेटर घालायचा तर मोठंच हवं. आपल्या पुरवणीतही गेल्या महिन्यात हेच आलं होतं की लेदर जॅकेट एक नंबर मोठं घ्यावं. त्या सल्ल्यामागे काळजीच होती हे मला कळतं. पण या जातीच्या जॅकेटाला तो लागू होत नाही.

मी पोराला आरशासमोर उभं राहू दिलं नाही. मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायला लावले. खालचा विणीचा पट्टा मांडीवर येऊन दुमडला. त्या पट्ट्याने पुढचा सगळा भाग वर ढकलला, चेनचं टोक हनुवटीला लागलं, कॉलर कानाशी गेली. पाठीवर उशी कोंबल्यासारखा फुगा आला. खांद्याची शिवण खांदा सोडून दोन इंच खाली दंडावर लोंबत होती. तो म्हणाला, "मावशी, दुकानात तर छान दिसत होतं." दिसणारच, तिथे तो उभा होता.

हे जॅकेट बसलेल्या माणसासाठी बेतलेलं आहे. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने 1931 साली ए-टू नावाचं जॅकेट वैमानिकांसाठी ठरवून दिलं. त्याआधी 1927 पासून ए-वन होतं, त्याला बटणं होती. ए-टूला चेन आली, चेनमागे वारं अडवायला चामड्याची पट्टी आली, खांद्यावर पट्ट्या आल्या, कॉलर उडू नये म्हणून तिच्या टोकांना टिचबटणं आली. मनगटाला आणि कमरेला लोकरीची घट्ट वीण. ते बहुतेक घोड्याच्या चामड्याचं असायचं, काही बकरीच्या, आणि पाठ एका अखंड तुकड्याची. 1943 साली नवी घेणं थांबवून कापडी जॅकेटं आणली, पण पोरांनी अंगावरची सोडली नाहीत. 1988 साली अमेरिकन हवाई दलाने बकरीच्या चामड्यात ते पुन्हा सुरू केलं. आज बाजारात जुन्या धाटणीचं म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं याचीच नक्कल असतं.

आता तो वैमानिक कसा बसत असेल बघा. गुडघे दुमडलेले, हात पुढे, खांद्यांवरून आणि मांड्यांमधून पॅराशूटचे पट्टे आवळलेले. त्या पट्ट्यांखाली चामडं गोळा झालं तर हलणं मुश्कील. म्हणून ते आखूड, कमरेशी संपणारं आणि अंगाबरोबर. आत शर्ट, फार तर पातळ स्वेटर. कडाक्याच्या थंडीत उंच उडणाऱ्यांसाठी मेंढीच्या कातडीची, आत लोकर असलेली जाडजूड जॅकेटं वेगळी होती. अमेरिकनांचं बी-थ्री, इंग्रजांचं आयर्विन. ती आतल्या कपड्यांचा हिशेब धरून मोठी घ्यायची. एक नंबर मोठ्याचा सल्ला तिथे खरा. तो ए-टूला लावला की माझ्या भाच्यासारखं होतं.

माझा थोरला भाऊ ओझरला एचएएलमध्ये होता. 1964 साली मिग विमानांसाठी तो कारखाना उभा राहिला, त्यानंतर काही वर्षांनी तो तिथे लागला. तो सांगायचा की विमानात बसायची जागा म्हणजे आपल्या देवघराएवढी, त्यात माणूस बसवून उरेल तेवढंच सामान. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. आता बाईकवर बसलेला पोरगा पाहिला की मला भावाचं ते देवघर आठवतं. गुडघे दुमडलेले, हात पुढे, समोरून वारं. आग्रा रोडच्या पहाटेला हे जॅकेट जितकं शोभतं तितकं ते मॉलमध्ये शोभत नाही, कारण बसायची तऱ्हा तीच आहे. आणि ढगळ जॅकेटात वारं खालून शिरतं, पोटाशी फिरतं, पाठीत फुगतं. आत कितीही जाड स्वेटर घाला, ऊब टिकत नाही. पातळ स्वेटर आणि त्यावर नीट बसलेलं जॅकेट जास्त उबदार असतं, हे बाईकवाल्यांनी एका पहाटेत करून बघावं.

सगळ्यात जास्त गैरसमज मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोलाबद्दल आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, बगलेत मोकळं असलं की हात मोकळा हलेल. होतं उलटं. मुंढा खोल असला की बाही पार खाली, अंगाच्या बाजूला जोडली जाते. मग हात उचलला की बाहीबरोबर अख्खं जॅकेट वर येतं. मुंढा बगलेच्या जवळ, उंच असला की हात आपला आपण फिरतो आणि कमरेचा पट्टा जागेवर राहतो. मामंजी गणवेशाच्या कोटाला हेच करायचे, कारण जवानाने सॅल्यूट ठोकला की कोटाने खांदा सोडायचा नाही. नवीन जॅकेट घालताना बगलेत थोडं रुतल्यासारखं वाटलं तर लगेच काढून टाकू नका. दोन आठवडे घाला, चामडं तुमच्या हाताची घडी शिकतं. अमेरिकन नौदलाचं जी-वन म्हणून आहे, फरच्या कॉलरचं, त्याच्या पाठीला दोन्ही बाजूंना घड्या असतात आणि हात पुढे केला की त्या उघडतात. ए-टूच्या सपाट पाठीला ती सोय नाही, म्हणून तिथे मुंढ्याने आणि खांद्याने चूक करून चालत नाही.

मी हे हट्टाने सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लॅम रोडवरचे एक निवृत्त अधिकारी वडिलांचं जुनं तपकिरी जॅकेट घेऊन आले. खांद्याला मोठं होत होतं. मी खांदा अर्धा इंच आत घेतला, पाठ थोडी आवळली, आरशासमोर उभ्याने ट्रायल दिली. सुरेख बसलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. गाडीचं स्टिअरिंग धरलं की पाठीत ताणतं, हात पुढे जात नाही. मी शिवण उसवून पुन्हा बाहेर आणली, आणि पहिल्या टाक्यांची रांग उघडी पडली.

कापडाची सुई दोरे बाजूला सारून आत जाते. शिवण उसवली आणि इस्त्री फिरवली की वीण पुन्हा मिटते. चामड्याच्या सुईला टोकाशी धार असते, ती कापत जाते. केलेलं भोक भोकच राहतं. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी ती भोकं त्या खांद्यावर ओळीने दिसत होती. मी मागून चामड्याची पट्टी चिकटवली, रंग भरला, तरी पहिल्या पावसाळ्यात तिथूनच चीर गेली. त्या गृहस्थांनी मला एक शब्द बोलला नाही. ते जॅकेट त्यांच्या वडिलांचं होतं, आणि ते मी खराब केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून माझ्याकडे चामड्याची ट्रायल बसूनच होते.

शिवाय चामड्यात माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेला जादा भाग, फारशी नसते. कापडाच्या कपड्याला शिंपी शिवणीत इंचभर माया सोडतो, पुढेमागे अंग सुटलं तर उसवून देता येतं. चामड्यात जेमतेम पाव-अर्धा इंच, तीही सोल्युशनने चिकटवून चपटी केलेली. त्यामुळे मोठं करून देता येत नाही, आणि लहान करायचं तर बाजूच्या शिवणी थोड्याशा, तेही एकदाच. खांदा आणि मुंढा मी आता हातात घेत नाही. होण्यासारखं काम एकच, बाहीची लांबी: मनगटाची वीण काढायची, चामडं कापायचं, वीण पुन्हा लावायची. सहापैकी जे एक मी ठेवून घेतलं ते याच कामासाठी. विणीचे पट्टे कसर लागून विरले तर तेही नवे लावून मिळतात.

बाही नवी असताना अर्धा इंच लांब वाटली तरी चालेल. कोपराशी वळ्या पडत जातात तशी ती आपोआप वर चढते. हात सोडल्यावर वीण अंगठ्याच्या मुळाशी यावी, हँडल धरल्यावर घड्याळ दिसलं तर हरकत नाही, अर्धं मनगट उघडं पडलं तर जॅकेट तुमचं नाही.

नंबरावर विसंबू नका. ज्या काळात सरकारने नमुना ठरवून दिला होता त्या काळातसुद्धा वेगवेगळ्या कारखान्यांचं 40 नंबरचं जॅकेट वेगवेगळं बसायचं, कारण प्रत्येकाचा बेत आपापला. चेन लावून जॅकेट टेबलावर पालथं पसरा, एका बगलेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत टेप धरा आणि दुप्पट करा. तुमच्या छातीपेक्षा ते तीन-चार इंच जास्त भरावं. माझ्या भाच्याच्या 38 छातीला असं मोजून 41 किंवा 42 भरलं तरी पुष्कळ झालं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी आलीच पाहिजे. छाती जुळते पण खांदा लोंबतो असं असेल तर सोडून द्या, ते कुणीही दुरुस्त करून देणार नाही. मुली हल्ली ही जॅकेटं आवडीने घेतात, त्यांनी कमरेचा पट्टा नितंबावर ओढून घेऊ नये, तो त्याच्या वर, कमरेला बसायला हवा. नाहीतर बसताक्षणी वर सरकतो.

लांबीवरून सगळ्यात जास्त वाद होतात. 40 नंबरच्या जॅकेटाची पाठ कॉलरच्या शिवणीपासून पट्ट्याच्या कडेपर्यंत 24-25 इंच असते. आजच्या पोरांना ती आखूड वाटते, कारण शर्ट खाली दिसतो. पण आखूड जॅकेट नाही, खाली गेली आहे ती पँट. त्या काळी पँट बेंबीजवळ नेसायचे. जुन्या नाशिकच्या फोटोंतही बघा, इन केलेला शर्ट आणि पट्टा पोटावर. त्या पँटवर हा पट्टा बरोबर टेकतो. आताच्या कमरेखालच्या जीन्सवर दोन इंचांची फट पडते, आणि ती झाकायला पोरं दोन नंबर मोठं जॅकेट घेऊन खांदा घालवून बसतात. जरा वरच्या कमरेची पँट शिवून घेतली तर काम भागतं, आणि ती शिवायला नाशिकमध्ये शिंप्यांची काही कमी नाही.

भाच्याचं जॅकेट दुकानाने परत घेतलं नाही, टॅग काढला होता म्हणून. आता ते आमच्या जावेच्या मुलाला दिलं आहे. त्याची छाती 41, त्याला ते खांद्यावर बरोबर येतं. भाच्याने पुन्हा पैसे साठवायला घेतले आहेत. पुढच्या वेळी मी टेप घेऊन त्याच्याबरोबर दुकानात जाणार आहे.

आपल्यामार्फत शहरातल्या जॅकेट विकणाऱ्या सगळ्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. ट्रायल रूममध्ये आरशासमोर एक स्टूल ठेवा. साधं, पाठ नसलेलं, 18 इंच उंचीचं. गिऱ्हाइकाला चेन लावून त्यावर बसू द्या, हात पुढे करू द्या, मग पैसे घ्या. जागा नाही किंवा खर्च नको असं कुणाला वाटत असेल, तर माझ्याकडे मामंजींच्या दुकानातली दोन सागवानी स्टुलं पडून आहेत. त्यातलं एक मी आनंदाने देईन.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
देवळाली कॅम्प, नाशिक