तुझ्या नावाबद्दल

प्रिय सिसी,

काल फोनवर फुरंगटलीच होतीस. ‘पप्पा, सिसिलिया म्हणजे आंधळी! नाव ठेवताना बघितलं नाही?’ नाही बघितलं गं. नाव आजीने ठेवलं. तू जन्मलीस २२ नोव्हेंबरला, संत सिसिलियाच्या सणादिवशी, आणि आजीची उभी हयात गेली चर्चच्या गायनमंडळात. तिला दुसरं नाव सुचणारच नव्हतं.

अर्थ म्हणशील तर खोटा नाही. लॅटिनमध्ये ‘काएकुस’ म्हणजे आंधळा, आणि त्यावरून रोममधलं एक घराणं काएकिलिउस झालं. पण ते झालं आडनाव. वाघमाऱ्यांपैकी वाघ मारलाय किती जणांनी? रोमन लोक मुलीला बहुधा वेगळं नाव ठेवतच नसत, घराण्याचं नाव स्त्रीलिंगी करून द्यायचे. त्या घरातली प्रत्येक मुलगी काएकिलिया. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. आपल्याकडे डाबऱ्यांच्या साऱ्या पोरींना ‘डाबरीण’ म्हणून हाक मारावी, तसलंच.

रोमबाहेर आप्पिया रस्त्यावर काएकिलिया मेतेल्ला हिची भलीमोठी गोल कबर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची. वर कोरलंय काय, तर तिचं नाव, ती कोणाची मुलगी आणि कोणाची बायको. बस्स. एवढे दगड रचले, पण बाईबद्दल आणखी एक शब्द नाही. मला याचा त्या ‘आंधळी’पेक्षा जास्त राग आला. आणि गंमत बघ, तो रस्ता इ.स.पूर्व ३१२ मध्ये ज्याने सुरू केला त्या आप्पिउस क्लाउदिउसची म्हातारपणी दृष्टी गेली, म्हणून लोक त्यालाही ‘काएकुस’च म्हणत.

संत सिसिलियाची कथा तुला आजीकडून पाठ आहे. लग्नात वाद्यं वाजताहेत आणि ही मनातल्या मनात देवाला गातेय. पुढे तिच्या सणाच्या लॅटिन गीतातून ‘मनात’ हा शब्दच गळला, आणि लोक समजले की ऑर्गन हीच वाजवत होती. अशी ती झाली संगीतकारांची संत! राफाएलच्या बोलोन्यातल्या चित्रात मात्र तिच्या हातातला ऑर्गन खाली कलंडलाय, नळ्या निसटताहेत, पायाशी मोडकी वाद्यं पडलीत आणि तिची नजर वर लागलीय. आजीला हे चित्र दाखवायचं राहून गेलं.

‘आंधळी’ तुझ्याआधीही लोकांना खुपलं होतं. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिनेने संतांची चरित्रं लिहिताना या नावाची फोड केली ‘स्वर्गातली लिली’. व्याकरणात अजिबात बसत नाही, पण आजीने तीच धरून ठेवली असती.

आयर्लंडमध्ये याच नावाची ‘शीला’ झाली. आपली शीला संस्कृतातली, तिचा याच्याशी काही संबंध नाही. तरी शेजारच्या शीलाकाकींना मी हे सांगून बसलो. त्या लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे माझाही सण बावीसलाच!’ आता केक त्या करणार आहेत, आणि गाजराचाच करणार. तू आदल्या रात्रीच ये.

तुझा,
पप्पा