आधी येणे आणि टिकणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील सध्याच्या बऱ्याच लेखनात ‘जो आधी बाजारात उतरेल, त्याचेच पुढे राज्य’ असे गृहीत धरलेले दिसते. संगणकाचा इतिहास याला दुजोरा देत नाही. स्प्रेडशीटचेच, म्हणजे ओळी-स्तंभांच्या चौकटींत आकडे मांडून हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमचेच, उदाहरण पाहावे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांची ‘व्हिजिकॅल्क’ ही वैयक्तिक संगणकावर बाजारात आलेली पहिली स्प्रेडशीट १९७९ मध्ये ॲपल कंपनीच्या ॲपल-२ या संगणकावर आली. एक आकडा बदलला की त्यावर बेतलेला सगळा हिशेब आपोआप नव्याने होई, आणि एवढ्या एका सोयीसाठी लोक संगणक विकत घेऊ लागले. याहून भाग्यवान सुरुवात कोणती असणार? पण १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पीसी हा नवा वैयक्तिक संगणक आला, तेव्हा व्हिजिकॅल्क जुन्या यंत्राच्या मर्यादा सोबत घेऊनच त्यावर गेली. स्तंभांची रुंदीसुद्धा वेगवेगळी ठेवता येत नसे. त्यातच तिचे निर्माते आणि विक्रेते कोर्टकचेरीत अडकले. १९८३ मध्ये आलेली लोटस कंपनीची ‘लोटस १-२-३’ मात्र पीसीसाठीच लिहिलेली, वेगवान आणि आलेख काढून देणारी होती. दोनच वर्षांनी लोटसने व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांची कंपनी विकत घेतली.

पुढे लोटसनेही नव्या यंत्रणेकडे वेळेवर आणि नीट न वळण्याची तीच चूक केली, याचे मला अधिक वाईट वाटते. मायक्रोसॉफ्टची एक्सेल १९८७ मध्ये विंडोजवर आली. लोटसला तिथे पोहोचायला १९९१ उजाडले.

मात्र आधी आलेल्याची खूण पुसली जात नाही. स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक जोडून ‘ए-१’ असे चौकटीला नाव देण्याची पद्धत व्हिजिकॅल्कचीच. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरण्याची चूक केली होती. जुन्या फाइलींतील तारखा एका दिवसाने सरकू नयेत म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून कायम ठेवली. एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या क्रमांकाने मोजते; त्यामुळे विंडोजवरील एक्सेलच्या चौकटीत ६० लिहून तिला तारखेचे रूप दिले, तर आजही कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० दिसते. लोकांनी वर्षानुवर्षे भरलेल्या फाइली नव्या प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा उघडणे इतके महत्त्वाचे होते.

म्हणून विनंती अशी की, एखादे नवे साधन ‘पहिले’ असल्याची बातमी देताना त्यात साठवलेले काम उद्या दुसऱ्या साधनात नेता येईल का, हेही आपल्या वार्ताहरांनी कंपन्यांना विचारून छापावे.

आपला,
एक वाचक