आई, मसाईवरनं पन्हाळा दिसतो

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

शनिवारी पहाटे सीबीएस स्टँडवर शेजारच्या काकूंनी आम्हा दोघांना पाहिलं आणि लगोलग तुम्हाला येऊन सांगितलं, हे दादाकडून कळलं. काकूंचे डोळे अजून चांगले आहेत म्हणायचे. आम्हीच होतो. कोल्हापुरात उतरून आम्ही घरी आलो नाही. फोनवर कबूल केलं असतं तर आईने नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांकडे दिला असता, आणि बाबा राग विसरून मला वाट सांगत बसले असते. म्हणून पत्र.

आम्ही पन्हाळा-पावनखिंडच्या वाटेवर गेलो होतो. खिंडीपर्यंत पोचलो नाही. ते पुढे येईलच.

आधी सांगितलं असतं तर बाबांनी तालमीतली चार पोरं सोबत धाडली असती आणि आईने पावसाचं कारण काढून रडवलं असतं. मला आणि संदीपला दोघांनाच जायचं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आम्ही दोघं मिळून मंडईच्या पलीकडे कधी चाललेलो नाही. जुलैत बारा-तेरा तारखेला तिथे हजारो माणसं असतात, म्हणून ऑगस्टचा शेवटचा शनिवार धरला.

गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, धुकं मात्र पिठासारखं. चहा घेतला, नमस्कार केला आणि राजदिंडीतून खाली निघालो. बाबा, "उतारावर घाई करील तो चढावर बसंल" हे तुमचं वाक्य मी संदीपला बसमध्येच ऐकवलं होतं. त्याने मान डोलावली आणि शंभर पावलांत बूड टेकवलं. तुमच्या जावयाची पँट तिथून पुढे दिवसभर लाल.

उतरताना सारखं मनात येत होतं की १६६० च्या आषाढात, १२ जुलैच्या रात्री, याच बाजूने सहाशे माणसं पालखी घेऊन निघाली. पौर्णिमा होती, पण वर असे ढग असल्यावर चांदण्याचा उपयोग तो काय! मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसातही हललेला नाही, आणि महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद, खालच्या नेबापूरचा. त्याला पुढचं सगळं माहीत होतं. तुम्ही ही गोष्ट सांगताना नेहमी बाजीप्रभूंवर आणि त्यांच्या सोबतच्या बांदल मावळ्यांवर आवाज चढवायचा. मला चालताना शिवा काशीदच जास्त आठवला. खिंडीतल्यांच्या हातात निदान तलवारी होत्या.

म्हाळुंग्याकडून मसाईच्या पठारावर चढलो. आता जे सांगणार आहे ते मुख्यतः आईसाठी.

आई, तुला आठवतंय का ते माहीत नाही, पण मला लख्ख आठवतं. मी दहा वर्षांची असेन. बाबांची पावनखिंडीची मोहीम निघायची होती आणि तू रात्री दोनला उठून भाकरी थापत होतीस, बाबांच्याच नाही तर सगळ्या पोरांच्या. परातीशेजारी चळत लागलेली, खर्ड्याने घरभर ठसका. मी पांघरुणातून बघत होते. बाबा पायाला पट्टी बांधत होते आणि तू तव्यावरची नजर न काढता विचारलंस, "मसाईवरनं मागं पन्हाळा दिसतो का हो?" बाबा म्हणाले, "धुकं असतंय सगळं," आणि उठून गेले. तू पुन्हा काही विचारलं नाहीस. अकरा वर्षं भाकरी बांधल्यास, त्या कुठे बसून खातात ते तू पाहिलं नाहीस.

बाबा, रागावू नका. हा प्रसंग मी संदीपला पाच-पंचवीस वेळा सांगितला असेल, तुमची तक्रार म्हणूनच. आईने एवढंसं विचारलं आणि तुम्ही उडवून लावलंत, अशी माझी पक्की समजूत.

तर वर पोचलो. पठार म्हणजे नुसता सपाट जांभा, शेवाळलेला, मध्ये मध्ये पाणी साठलेलं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. पण पायाखाली फुलं होती. पिवळी सोनकी, पाण्याच्या कडेने पांढरे गेंद, आणि निळसर-जांभळी सीतेची आसवं, नखाएवढी. आई, तुझ्या कुंडीतल्या जास्वंदीला तू शेणखत घालतेस ना? या कातळावर मातीच नाही, त्यात कस कुठला! म्हणून सीतेची आसवं मुळाशी असलेल्या इवल्या फुग्यांत पाण्यातले किडे पकडून खातात. एवढं रडवेलं नाव आणि काम बघ कसलं.

वाट चुकलोच. सपाटीवर सगळीकडून वाट असल्यासारखं वाटतं आणि कुठूनच नसते. घंटेचा आवाज आला, मग म्हशी, मग घोंगडं पांघरलेला एक म्हातारा. त्याने "कुठनं आलासा?" विचारलं, संदीपच्या पँटकडे बघितलं आणि हसून काठी पुढे केली, म्हणजे तिकडे जा.

तिकडे गेलो आणि कातळावर जेवायला बसलो. माझ्या भाकरीचा पापड झाला होता. तुझी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, ते मला अजून जमलेलं नाही. खर्डा होता म्हणून निभावलं. दुसरा घास तोंडात असताना वारा फिरला. समोरचं धुकं आधी विरळ झालं, मग चादर ओढावी तसं एका बाजूला गेलं आणि पूर्वेला पन्हाळा उभा. सपाट माथा, त्याच्या कडेला तुटलेले कडे, खाली भाताची हिरवी खाचरं. दहा मिनिटं होता. फोटो काढायचं सुचलं तेव्हा पुन्हा पांढरं झालं होतं.

तेव्हा संदीप म्हणाला, "बाबा तर दर वर्षी जुलैतच यायचे ना?"

बाबा, तुम्ही अकरा वेळा तिथून गेलात आणि तुम्हाला तो कधी दिसलाच नाही, होय ना? तुम्ही आईला उडवून लावलं नव्हतं. जे होतं तेच सांगितलं होतं. माझी इतक्या वर्षांची तक्रार त्या कातळावर बसल्या बसल्या गेली, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखंही झालं, इतकी ती सवयीची होती. पण "तू पण चल, दोघं मिळून बघू" एवढं म्हणायला काय झालं होतं, हे मात्र अजून विचारायचं आहे.

पुढचं थोडक्यात. कुंभारवाडीकडे उतरल्यावर चिखल गुडघ्याशी आला आणि माझ्या पोटरीला तीन जळवा. मी किंचाळले, संदीपने शांतपणे मीठ लावलं. खोतवाडीच्या पुढे त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि जबड्यासारखा उघडमीट करू लागला. भांगलण करणाऱ्या एका मावशींनी कागदाची खोळ बाजूला सारून कमरेची सुतळी काढून दिली. त्या सुतळीवर मांडलाईवाडी पार केली. करपेवाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि डाव्या बुटानेही मान टाकली. एका घरी पडवीत पथारी मिळाली, गरम आमटी-भात मिळाला, पैसे घेतले नाहीत. सकाळी अनवाणी जावई वडापच्या जीपमध्ये बसला आणि आम्ही मागे फिरलो. त्या अवतारात तुमच्या दारात त्याला उभं करणं मला जमलं नाही. खिंड राहिली.

आता कामाचं. म्हाळुंग्याकडून पठारावर गाडी जाते, मी चौकशी केली आहे. बाबांच्या गुडघ्याला त्रास होणार नाही. फुलं सप्टेंबरभर असतात. पुढच्या शनिवारी आम्ही येतो, या वेळी घरी, आणि रविवारी पहाटे निघू. आई, तू तव्याजवळ जायचं नाहीस. भाकरी संदीप शिकतो आहे, आज त्याची तिसरी भाकरी बरीचशी गोल होती. खर्डा बाबांनी वाटायचा. आईला पुढच्या सीटवर बसवायचं आणि धुकं असलं तर ते उठेपर्यंत थांबायचं, संध्याकाळ झाली तरी.

काकूंना सांगा, आम्ही सुखरूप आहोत.

तुमची,
माई